तळघरातला पियानो आणि अण्णांची पेटी

परवा रविवारी सकाळी न्यूजर्सीहून लेकीचा फोन आला. हवापाणी, गुडघेदुखी, भाज्यांचे भाव वगैरे नेहमीच्या गप्पा झाल्या आणि मग ती म्हणाली, "आई, आपला तळघरातला तो पियानो आठवतो ना तुला? त्याचे तीन हजार डॉलर द्यायला एक गृहस्थ तयार आहेत!"

न आठवायला काय झालं? १९९९ साली जावयांनी तो एका चर्चच्या अडगळीतून २०० डॉलरला उचलून आणला होता. तेव्हा "एवढं धूड कशाला आणलंत?" म्हणून लेकीने किती कटकट केली होती! फेंडर ऱ्होड्स नावाचा इलेक्ट्रिक पियानो, १९७६ सालचा, ७३ पट्ट्यांचा. वजन ६० किलोच्या आसपास. नातू आठ वर्षांचा झाल्यापासून सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्यावर वाजवत होता. नंतर तो कॉलेजला गेला आणि पियानो तळघरात. आज त्यावर जुने कोट आणि ख्रिसमसचे दिवे ठेवलेले असतात.

आता घरात तीन पक्ष पडले आहेत. लेक म्हणते, विकून टाकू, जागा तरी मोकळी होईल. जावई म्हणतात, थांबू, भाव अजून चढणार आहे. आणि बॉस्टनला नोकरी करणाऱ्या नातवाने, ज्याने गेल्या नऊ वर्षांत त्याला हात लावलेला नाही, मला निरोप पाठवला, "आजी, काही झालं तरी विकू देऊ नकोस." पंच म्हणून कोण? तर मी! साडेतीन दशकं मराठी शिकवलेली बाई. पण पंच केलंच आहे तर निकाल द्यायला हवा, आणि फोनवर नीट बोलता येत नाही म्हणून इथेच लिहिते. घरची मंडळी वाचतातच. बाकीच्यांनीही वाचावं, कारण असं काही ना काही प्रत्येकाच्या माळ्यावर असतंच.

आधी हे वाद्य काय आहे ते सांगते. मी २०११ साली तिकडे असताना एक दुरुस्ती करणारे गृहस्थ आले होते. त्यांनी झाकण उघडलं आणि मी दोन तास खुर्ची टाकून बघत बसले. साध्या पियानोत तारा असतात, तशा यात नाहीत. प्रत्येक पट्टीला एक छोटी हातोडी, आणि ती हातोडी पोलादाच्या एका बारीक काडीवर आपटते. या काडीला टाइन म्हणतात. तिच्या डोक्यावर धातूची एक जाड पट्टी असते. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा आठवतो? त्याचे दोन हात सारखे असतात. इथे एक हात बारीक आणि एक जाड, एवढाच फरक. म्हणजे आत ७३ नादकाटे ओळीने बसवलेले! काडीच्या टोकासमोर विजेच्या गिटारला असतं तसं एक लोहचुंबकाचं वेटोळं असतं. काडी थरथरली की त्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह तयार होतो, तो ॲम्प्लिफायरमधून मोठा होऊन आपल्याला ऐकू येतो. काडीवर तारेची एक इवलीशी स्प्रिंग चढवलेली असते. ती मागे-पुढे सरकवून सूर लावायचा.

पट्टी हळू दाबली तर लहान घंटा वाजावी तसा गोल, मऊ आवाज येतो. जोरात मारली तर तोच आवाज किंचित गुरगुरतो. मधल्या सगळ्या पायऱ्या वाजवणाऱ्याच्या बोटात. शिवाय प्रत्येक काडी आणि तिच्यासमोरचं वेटोळं यांच्यातलं अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येतं. त्यामुळे एकाच वर्षी बनलेले दोन ऱ्होड्ससुद्धा अगदी सारखे वाजत नाहीत. कोणी जुळवला, कसा जुळवला, यावर सगळं.

याचा जनक हॅरॉल्ड ऱ्होड्स (१९१०–२०००). हा माणूस मुळात पियानो शिकवणारा मास्तर होता, हे कळल्यावर मला तो एकदम आपला वाटायला लागला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्याच्या हवाई दलात होता आणि इस्पितळातल्या जखमी सैनिकांना पियानो शिकवायचा. पण अंथरुणावर पडलेल्या माणसापुढे पियानो कसा न्यायचा? मग त्याने विमानांच्या भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन मांडीवर ठेवता येईल असा २९ पट्ट्यांचा पियानो बनवला. तिथून सुरुवात. १९५९ मध्ये त्याने गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरशी भागीदारी केली. १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने फेंडरचा कारखाना विकत घेतला आणि त्याच वर्षी ७३ पट्ट्यांचा मोठा पियानो बाजारात आला.

मग त्याचे दिवस आले. १९६८ साली माइल्स डेव्हिसने आपल्या पियानोवादकाला, हर्बी हॅनकॉकला, स्टुडिओत नेहमीच्या पियानोऐवजी इलेक्ट्रिक पियानोवर बसवलं. हॅनकॉकला आधी हे खेळणं वाटलं होतं, पुढे त्यानेच त्यावर नाव कमावलं. १९६९ मध्ये बीटल्सच्या 'गेट बॅक'मध्ये बिली प्रेस्टनने हाच पियानो वाजवला. स्टीव्ही वंडर तर होताच.

याचा एक चुलतभाऊ म्हणजे वुर्लित्झर. तो १९५० च्या दशकाच्या मध्यावर आला. १९५९ सालच्या रे चार्ल्सच्या 'व्हॉट'ड आय से' मध्ये तो वाजला आहे. त्यात काडीऐवजी पोलादाच्या पातळ पट्ट्या, म्हणजे आपल्या पेटीत असतात तसे सूर! फक्त हवेने वाजण्याऐवजी हातोडीने वाजणारे. ते लावायची रीत मला फार गमतीची वाटली. पट्टीच्या टोकावर डाखाचा, म्हणजे सोल्डरचा, ठिपका असतो. तो कानशीने घासून कमी केला की सूर चढतो, थोडा डाख वाढवला की उतरतो. आमच्याकडे येणारे पेटीवाले काकाही हेच करायचे. टोकाकडे खरवडलं की सूर चढणार, बुडाकडे खरवडलं की उतरणार. सात समुद्रांपलीकडेही विद्या तीच! या वुर्लित्झरची शाळांसाठी खास आवृत्ती होती. वर्गात मुलांनी कानाला हेडफोन लावून आपापलं वाजवायचं आणि बाईंनी आपल्या जागेवरून हव्या त्या मुलाचं ऐकायचं. पंचावन्न मुलांचा वर्ग सांभाळलेल्या मला या सोयीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू!

असो. मुद्दा किमतीचा आहे.

१९८३ मध्ये यामाहा कंपनीचा डीएक्स७ आला. चौदा-पंधरा किलोचं डिजिटल वाद्य. त्यात इलेक्ट्रिक पियानोसारखा, जरा जास्तच चकचकीत, आवाज होता. सूर लावायला नको, चार माणसं लावून उचलायला नको. एक लाखाच्या वर विकले गेले म्हणतात. १९८४ नंतर जुन्या ऱ्होड्सचं उत्पादन थांबलं, वुर्लित्झरही त्याच सुमारास संपला होता. शाळांनी, चर्चनी, वादकांनी आपापले जुने पियानो अडगळीत टाकले. आमच्या जावयांना २०० डॉलरमध्ये मिळाला तो त्यामुळेच. पुढे लोकांना तो जुना आवाज पुन्हा हवासा वाटू लागला आणि भाव चढत गेले. आज तिकडे नीट दुरुस्त केलेल्या पियानोला काही हजार डॉलर सहज पडतात.

म्हणजे बघा, तोच पियानो, त्याच ७३ काड्या. १९७६ मध्ये महाग, १९९० मध्ये भंगार, आज पुन्हा महाग. आवाज मधल्या काळात बदलला नव्हता. बदललं ते लोकांचं मत. म्हणून जावयांना माझं पहिलं सांगणं असं की, चढलेल्या भावाकडे बघून एखाद्या वस्तूची योग्यता ठरवू नका. तो भाव एकदा कोसळलेला मी आणि तुम्ही दोघांनी पाहिला आहे. तुम्हाला तर त्याचा फायदाच झाला!

आता संग्राहकांबद्दल. हौशी संग्राहक कशाचे पैसे मोजतात हे मी जावयांकडून आणि त्या दुरुस्तीवाल्यांकडून ऐकलं आहे. सुरुवातीच्या, १९६० च्या दशकातल्या ऱ्होड्सच्या झाकणावर चमचमती चमकी असायची, त्याला जास्त भाव. वुर्लित्झर बहुतेक काळे, त्यामुळे लाल किंवा हिरवा मिळाला तर जास्त भाव. काळा आणि लाल वाजतात मात्र अगदी सारखेच! १९७९ मध्ये ऱ्होड्सचं नवं मॉडेल आलं. त्याचं झाकण सपाट केलं, म्हणजे वर दुसरं वाद्य ठेवता यावं. आतली यंत्रणा जवळपास तीच होती. पण नावाची पट्टी बदलली की बाजारातली चर्चा बदलते.

आणि 'मूळ स्थिती' नावाचं एक खूळ असतं. काहीही बदललेलं नको, सगळं कारखान्यातून आलं तसं हवं. लाकडी कपाटाच्या बाबतीत ठीक आहे हो! पण या पियानोतल्या हातोड्यांच्या टोकांना रबर असतं. ते रबर पन्नास वर्षांत दगडासारखं होतं, त्यावर खाचा पडतात. काड्या बसवलेल्या असतात तिथली रबरी बुचंही वाळतात. काड्यासुद्धा वाजवून वाजवून कधी तुटतात. म्हणजे ज्याचं सगळं 'मूळ' आहे तो पियानो वाजवायला बहुधा वाईटच असणार. जो सतत वाजवला गेला त्याचे भाग दोन-तीनदा बदललेले असणार. इथे संग्राहक आणि वादक यांच्या वाटा वेगळ्या होतात. एकाला न वापरलेला हवा, दुसऱ्याला चांगला वापरलेला.

पण संग्राहकांना मी नुसती नावं ठेवणार नाही. पूर्वी ठेवली असती. विचार केल्यावर मत थोडं बदललं. जेव्हा कोणाला हे पियानो नको होते तेव्हा ते गॅरेजमध्ये सांभाळून ठेवणारे यांच्यातलेच काही होते. दुसरं म्हणजे, २०० डॉलरच्या वाद्यावर हजार-बाराशे डॉलर खर्चून दुरुस्ती कोण करील? वाद्याची किंमत तीन-चार हजार झाली तेव्हाच दुरुस्ती परवडायला लागली. दुरुस्ती करणाऱ्यांना पोटापुरतं काम मिळालं, छोट्या कंपन्या नव्या काड्या आणि हातोड्यांची टोकं बनवायला लागल्या. २०२१ मध्ये तर इंग्लंडमधल्या एका कंपनीने ऱ्होड्स याच नावाने नवा पियानो काढला. म्हणजे चढी किंमत ही सगळी वाईट गोष्ट नाही. तिच्यामुळे कारागीर टिकतो. आपल्याकडे जुन्या पॅरिस सुरांच्या पेट्यांना मागणी आहे म्हणूनच त्या नीट करणारा कोणी तरी अजून सापडतो.

तिची दुसरी बाजू अशी की, शिकणाऱ्या मुलाला तो पियानो आता परवडत नाही. त्याने काय करावं? डिजिटल घ्यावा. मी हे मनापासून सांगते. ध्वनिमुद्रण ऐकून खरा आणि नकली ओळखणं आता चांगल्या चांगल्यांना जमत नाही. फरक ऐकणाऱ्याला फार कमी, वाजवणाऱ्याला जास्त. नातू लहानपणी म्हणायचा, "आजी, हा मला उलट उत्तर देतो." बोटाखाली हातोडी हलते, काडीची थरथर पट्टीपर्यंत पोचल्यासारखी वाटते, जोर वाढवला की आवाजाचा स्वभावच बदलतो. वादक पैसे मोजतो ते या उत्तराचे. आणि ते उत्तर पियानो रोज वाजवणाऱ्यालाच मिळतं, तळघरात ठेवून मिळत नाही.

हॅरॉल्ड ऱ्होड्सच्या आयुष्यातली अजून एक गोष्ट सांगते. १९८७ मध्ये रोलँड या जपानी कंपनीने 'ऱ्होड्स' हे नाव विकत घेतलं आणि १९८९ मध्ये त्या नावाचा डिजिटल पियानो काढला. ज्याच्या नावाचा, त्या म्हाताऱ्याला तो मुळीच पसंत नव्हता. १९९७ मध्ये त्याला आपलं नाव परत मिळालं आणि तीन वर्षांनी तो गेला. नाव विकता येतं, विकत घेता येतं. पण मांडीवर पियानो घेऊन पडल्या पडल्या बोटं चालवणाऱ्या त्या सैनिकाला जे मिळालं ते नावात नव्हतं.

आता जे सांगायला एवढं लिहीत बसले ते सांगते. घरात हे फारसं कोणाला माहीत नाही.

आमच्या अण्णांची पेटी होती. पॅरिस सुरांची, त्यांनी पहिल्या काही पगारांतून घेतलेली. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर ते भजनं म्हणायचे, कधी नाट्यपदं. १९८४ मध्ये अण्णा गेले. पेटी माझ्याकडे आली. मी तिला अण्णांच्या धोतरात गुंडाळून, वर चादर घालून, कपाटावर ठेवून दिली. शाळेतल्या एका मुलीला पेटी शिकायची फार हौस होती. तिच्या घरी पेटी घेण्याची ऐपत नव्हती. तिने एकदा भीत भीत विचारलं, "बाई, तुमच्या घरची पेटी मी वाजवली तर चालेल?" मी म्हटलं, "नाही गं, ती माझ्या वडिलांची आठवण आहे." मला तेव्हा वाटलं, मी किती जपते आहे!

१९९६ मध्ये घराला रंग काढला तेव्हा पेटी खाली उतरवली. उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं होतं. आतल्या फेल्टला कसर लागली होती. सुरांवर हिरवट थर चढला होता. पट्टी दाबली तर फक्त वाऱ्याची फुसफूस. पेटीवाले काका म्हणाले, "बाई, रोज वाजवली असती तर हिला काही झालं नसतं." त्यांनी जमेल तेवढी नीट केली, पण अर्धे सूर बदलावे लागले. अण्णांचा तो आवाज काही परत आला नाही. आणि ती मुलगी तोवर शिकून, लग्न होऊन कुठे गेली, मला माहीत नाही. पेटी शिकली की नाही, तेही माहीत नाही.

बारा वर्षं मी तिला संग्राहकासारखी जपली. पैशासाठी नाही, प्रेमापोटी. पण पेटीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

म्हणून माझा निकाल ऐका.

जावई, भाव चढेल म्हणून तळघरात ठेवू नका. तळघराची ओल त्या काड्यांना गंज चढवील आणि भावही खाईल. तुम्ही हिशेबी माणूस, हे तुम्हाला पटेल.

बाळा, "विकू नका" म्हणणं फार सोपं असतं. मीही तेच म्हणत होते. तुला तो ठेवायचा असेल तर वाजवायला ठेव.

लेकीला सांगते, आधी त्या दुरुस्तीवाल्यांना बोलवा. हातोड्यांची टोकं बदला, सूर लावून घ्या. हजार-बाराशे डॉलर गेले तर जाऊ देत. मग पियानो तळघरातून वर, बैठकीच्या खोलीत आणा. त्यावर कोट नकोत, दिवे नकोत. नातू सुट्टीत येईल, धाकटी आहे, शेजारची मुलं आहेत. पुढच्या दिवाळीपर्यंत बघा. कोणी वाजवलं तर प्रश्नच मिटला. नाही वाजवलं तर विका. पण तीन हजार देऊन दिवाणखान्यात शोभेला ठेवणाऱ्याला नको. एखाद्या वाजवणाऱ्या पोराला द्या, पाचशे-हजार कमी घेऊन. तेवढा तोटा माझ्या नावावर लिहा. मी इथून पेन्शनमधून पाठवीन, चेष्टा करत नाही!

अण्णांची पेटी आता खालच्या मजल्यावरच्या मुलीकडे आहे. सातवीत आहे ती. सुट्टीच्या दिवशी सकाळी अलंकार घोटते. मधला एक सूर अजून किंचित उतरलेला आहे, तो मला खिडकीतून ऐकू येतो आणि खटकतो. पेटीवाल्यांना निरोप पाठवला आहे, येत्या आठवड्यात येतो म्हणालेत.

तुमच्या घरी असं काही गुंडाळून ठेवलेलं असेल तर उघडून बघा, आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा.